कुरणाला फवारा नको, कुळव हवा

रोहिण्या बरसायची चिन्हं दिसली की गोठेवाल्यांकडून दरवर्षी तोच प्रश्न येतो: पडीक रानात चाऱ्याचं कुरण करायचंय, तणाला काय मारू? माझं उत्तर, काही मारू नका. यात सोवळंओवळं नाही, हिशेब आहे. टू-फोर-डी रुंद पानांवर चालतं. पण गवताच्या जोडीला लावलेला स्टायलो हा द्विदल चाराही रुंद पानाचाच, तोही त्यात जातो. ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते मारतं. मग उघड्या पडलेल्या जमिनीत आधी कोण शिरणार? गाजरगवत. पुण्यात १९५६ साली त्याची नोंद झाली, आज त्याच्याविना बांध सापडत नाही. एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि मोकळी, उन्हाची जागा मिळाली की ते फोफावतं. म्हणजे भांडण जागेचं आहे.

ती जागा गवताला मिळवून द्यायची तर पहिल्या पावसावर लागवडीची घाई करू नये. तण उगवू द्यावं. दोन-चार पानांवर आलं की उघडीप बघून कुळवाची उथळ पाळी घालावी. उथळच, खोल गेलात तर खाली गाडलेलं बी वर येतं. पुढच्या सरीवर दुसरा हिरवा थर उगवतो, त्यावर दुसरी पाळी. लव्हाळ्याला हा उपाय लागू नाही. त्याच्या जमिनीतल्या गाठी सुट्या होऊन उलट पसरतात. त्या रानाची नांगरट उन्हाळ्यातच करून ढेकळं तापवावी लागतात. हरळीच्या मागे मी लागत नाही. ती ऊसवाल्याची वैरी. गुरं तर आवडीने खातात.

मग मारवेल गवत लावायचं. बी फेकण्यापेक्षा मुळ्यांसकट ठोंब लावावेत, दीड-दीड फुटांवर ओळी धरून. ओळ दिसते, म्हणून मध्ये कोळपं चालतं, आणि ठोंबाला तणाच्या आधी उठायची संधी मिळते. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. गुरांच्या पोटातून आलेलं तणाचं बी कच्च्या शेणात जिवंत असतं. ट्रॉलीभर खताबरोबर आपणच ते पेरतो. उरलेलं गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटायचं, हातमोजे घालून, कारण अनेकांच्या कातडीला ते बाधतं. मेक्सिकोहून आणलेला, १९८४ पासून आपल्याकडे सोडलेला झायगोग्रामा भुंगा पावसाळ्यात त्याची पानं फस्त करतो, पण थंडीत तो जमिनीत दडतो. त्याच्या भरवशावर रान सोडू नये.

इथवर बहुतेक जण नीट येतात. घोटाळा होतो तो श्रावणात. गवत गुडघ्याला लागलं की शेळ्या आत सुटतात. कोवळे ठोंब मुळासकट निघतात, खुरांनी जमीन उघडी पडते आणि पुढच्या सरीला तिथे तरोटा उभा. तो गुरं तोंडाला लावत नाहीत. (कोवळा असताना आपण भाजी करतो, ही गोष्ट वेगळी.) पहिलं वर्ष कापून गोठ्यात घालायचं, बुंधा चार बोटं ठेवून. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी पाळली म्हणून डोंगरावर गवत आलं. तिथे ते कापून न्यायचं असतं.

खासगी रानाला कुंपण घालता येतं. गायरानाचं काय? तिथे ठोंब लावण्याआधी ग्रामसभेत दोन गोष्टी ठरवून घ्या: पहिल्या वर्षी कापणी कुणी करायची, आणि ज्याच्या दावणीला चार शेळ्यांपलीकडे काही नाही त्याला वैरणीचा वाटा किती.

— बांधावरचा