नेम नसलेल्या बंदुकीचा परवाना



अमेरिकेत खारीची शिकार कायद्याने चालते. राज्याराज्यांत तिचा हंगाम ठरलेला असतो आणि एका दिवसात किती मारायच्या याची मर्यादाही असते. तिथला शिकारी या कामासाठी .२२ बोअरची रिमफायर रायफल घेतो. तिच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात, म्हणून गोळी सरळ जाते. काडतुसाच्या बुडाच्या कडेत पेट घेणारा मसाला असतो, तिथे टोला बसला की बार होतो. बोल्ट हाताने मागेपुढे करायचा तेव्हा पुढचे काडतूस चढते. गोळी असते जेमतेम अडीच ग्रॅमची.

ही रायफल निवडताना तो पहिला प्रश्न विचारतो तो नेमाचा: पन्नास यार्डांवरून पाच गोळ्या मारल्या तर किती जागेत बसतात? खारीचे डोके इंच-सव्वा इंचाचे. पाचही गोळ्या इंचभर जागेत बसत नसतील तर ती रायफल या कामाची नाही. मग तो तीन-चार प्रकारची काडतुसे आणून कागदावर मारून पाहतो, कारण एकच नळी एका काडतुसाने नेम धरते आणि दुसऱ्याने गोळ्या पसरवते. चाप हलका आहे का, दुर्बीण घट्ट बसली आहे का, हेही तपासतो. हेतू एकच: एक गोळी, एक जनावर. जखमी होऊन झाडीत मरायला काही जाऊ नये.

ही गोष्ट आम्ही खारी मारायला निघालो म्हणून सांगत नाही. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तो नारळ-सुपारीच्या बागेत येऊन नुकसान करतो हे खरे, पण त्याच्यावर बंदूक धरा असे आम्ही कधी म्हटले नाही आणि म्हणणारही नाही. मुद्दा वेगळा आहे. तिथे खार मारायची तरी हत्यार कामावरून ठरते. आपल्याकडे शंभर किलोचा रानडुक्कर उभे भात आडवे करतो, तरी हत्यार ठरते ते माणसावरून. शेतकरी आहे ना, मग याला ठासणीची द्या!

हे आमचे म्हणणे नाही, कायद्यात लिहिले आहे. १९५९ चा शस्त्र कायदा काढा. कलम १३, पोटकलम ३ वाचा. पिकाच्या संरक्षणासाठी परवाना द्यायचा तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर वीस इंचांहून आखूड नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा. त्याच पोटकलमात .२२ रायफलीचे नाव आहे. कोणासाठी? मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला कागदाच्या पाटीवर नेमबाजी करता यावी म्हणून! शेतकऱ्याला ती मागता येते, नाही असे नाही. पण मग 'सबळ कारण' दाखवा. ते सबळ आहे की नाही हे ठरवणार कचेरीतला साहेब, ज्याने रात्रीची राखण एकदाही केलेली नाही.

म्हणजे कागदावर नेम धरणाऱ्याला नेमाची रायफल, आणि पोटासाठी नेम धरणाऱ्याला नेम नसलेली बंदूक. भारत आणि इंडिया यांतला फरक आम्ही कांद्याच्या भावात दाखवला, उसाच्या झोनबंदीत दाखवला. तो बंदुकीच्या नळीतही आहे.

ठासणीची बंदूक ज्याने वापरली त्याला जास्त सांगायला नको. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी घालायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची. एक बार झाला की पुन्हा सारे पहिल्यापासून. भात पोटरीला येते तेव्हा कोकणात पाऊस असतो. दारू दमट झाली की घोडा पडतो आणि बार होत नाही. झाला तरी तीस-चाळीस पावलांपलीकडे भरवसा नाही. छर्रे डुकराच्या कातड्यात बसतात, डुक्कर जखमी होऊन जाळीत शिरतो, आणि सकाळी गवत कापायला आलेल्या बाईवर धावून जातो. काळोखात सळसळ ऐकून बार काढावा आणि पलीकडे माणूस निघावा, अशा बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. त्या बातमीत शेतकरी 'आरोपी' असतो. त्याच्या हातात हे हत्यार देणारा कायदा आरोपी नसतो.

बरे, ही बंदूकही हाती राहते का? निवडणूक आली की नोटीस येते: शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करा. निवडणूक आयोगाच्या सूचना छाननी समिती नेमून परवाने तपासण्याच्या आहेत. गावात मात्र सरसकट निरोप जातो. २०२४ साली विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भातकापणी कधी असते, हे मुंबईत कोणी विचारले होते का? डुकराला आचारसंहिता लागू होत नाही.

कायदेशीर वाट अशी निकामी केली की माणूस बेकायदा वाटेला लागतो. कोणी फासकी लावतो, तिच्यात डुकराऐवजी बिबट्या अडकतो. विदर्भात कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. त्या तारेला वाघ चिकटतो आणि शेतकरी स्वतःही चिकटतो. कोणी कणकेत गावठी बॉम्ब घालून ठेवतो. फासकी आणि वीज जनावर ओळखत नाहीत. नेमाची बंदूक धरलेला माणूस ओळखतो. वन्यप्राणी वाचवायचे म्हणणाऱ्यांनी या एका वाक्याचा विचार करावा.

आम्ही कृषी महाविद्यालयात कीडनियंत्रण शिकलो. आधी कीड ओळखा. मग नुकसानीची पातळी मोजा. पातळी ओलांडली तरच औषध, तेही त्या किडीचे आणि मोजून. सरसकट फवारणी केली तर मित्रकीटक मरतात आणि कीड उरते. बंदुकीला हाच नियम लावा. .२२ ची गोळी लहान जनावरापुरती. तिने डुक्कर मारायला जाणे म्हणजे त्याला जखमी करून सोडणे. डुकराला .३१५ रायफल किंवा बारा बोअरची गोळीच हवी. आणि झाडावर, आकाशाकडे नळी करून रायफल कधीच चालवू नये. .२२ ची एवढीशी गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते आणि वाटेत कोणाची तरी वाडी असते. तिथे गुळगुळीत नळी आणि बारीक छर्रेच बरे. मुद्दा एवढाच की सर्व कामांना एकच हत्यार नसते. हे अमेरिकेतल्या खारीच्या शिकाऱ्याला कळते, आपल्या कायद्याला १९५९ पासून कळलेले नाही. २०१९ साली याच कायद्यात दुरुस्ती झाली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, बंदुकांची मर्यादा तीनवरून दोन केली. शेतकऱ्याची ठासणी तिथेच राहिली.

कोणी म्हणेल, गावोगाव रायफली वाटायच्या का? नाही. आम्ही जबाबदारी मागतो आहोत. शेजारच्या कर्नाटकात कोडगूच्या कोडवा समाजाला परवान्यातूनच सूट आहे, आणि केंद्राने २०१९ साली ती आणखी दहा वर्षे वाढवली. आम्ही सूटही मागत नाही. केरळने मे २०२२ मध्ये रानडुक्कर मारण्याच्या परवानगीचा अधिकार ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांना दिला. परवानाधारक नेमबाजांची यादी करायची, आणि विष, स्फोटके, वीज वापरायची नाही, अशा अटी घातल्या. केरळचे सरपंच जे करू शकतात ते आपले का नाही? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या जनावरासाठी परवानगीची तरतूद आहेच. परवानगी मिळाली तरी हातात ठासणीच असेल, तर त्या कागदाची पुंगळी करून नळीत ठासायची का?

म्हणून जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडायचे आहेत. तालुक्यातालुक्यांत आधी चर्चा करून या.

एक : पीकसंरक्षणाच्या परवान्यात हत्यार जनावर आणि जागा पाहून ठरावे. ठासणीची सक्ती रद्द व्हावी.

दोन : परवान्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी नेमबाजीची आणि सुरक्षिततेची परीक्षा असावी. पन्नास यार्डांवर ज्याचा नेम बसत नाही त्याला परवाना नको. आपल्या माणसालाही नको.

तीन : कलम ११ खालची परवानगी तालुका पातळीवर, ठरलेल्या दिवसांत मिळावी. मारलेल्या प्रत्येक जनावराची नोंद गावात जाहीर लागावी.

चार : निवडणुकीत बंदूक जमा करण्याचा आदेश छाननी करून, कारण लिहून, नावानिशी द्यावा. सरसकट निरोप बंद.

दुसऱ्या ठरावावर आपल्यातच वाद होईल, हे आम्ही जाणतो. "आम्हालाच परीक्षा का?" असे विचारले जाईल. उत्तर सोपे आहे. चांगले हत्यार मागणाऱ्याने आधी आपला हात स्थिर आहे हे दाखवावे. मग सरकारला कारण राहणार नाही. तोवर मांगरात बसलेल्याने अंधारात आवाजावर बार काढू नये. भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते, माणूस लावता येत नाही.