झडपेचा दोष आणि इकोची दूरची वाट

नाशिक : प्रतिनिधी

जन्मजात हृदयरोग हुडकण्याची यंत्रणाच महाराष्ट्रात नाही, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा व्हावी, अशी त्याची रचना आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांपर्यंत पथके जातात. प्रश्न त्यापुढचा आहे.

पथकातील डॉक्टरांचा मुख्य आधार स्टेथोस्कोपचा. हृदयातील 'मर्मर' त्यातून ऐकू येतो; पण त्यामागचे कारण निश्चित होत नाही. निरोगी मुलांतही असा आवाज पुष्कळदा आढळतो. याउलट महाधमनीची झडप तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असेल, तर बालपणी बहुधा लक्षणेच दिसत नाहीत. शंभरात एखाद-दुसऱ्या व्यक्तीत हा दोष असतो. झडप अरुंद होणे, गळू लागणे, महाधमनी फुगणे हे परिणाम अनेकदा प्रौढपणीच उघड होतात. टू-डी इको ध्वनिलहरींच्या साह्याने झडपेच्या पाकळ्या पडद्यावर दाखवतो. डॉप्लर रक्ताच्या वेगावरून अडथळ्याचे प्रमाण सांगतो. त्यात ना क्ष-किरण, ना सुई. फुप्फुसधमनीची झडप अरुंद असल्यास छाती न उघडता, फुग्याच्या साह्याने ती अनेकदा मोकळी करता येते. मात्र त्याआधी इको हवाच.

सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. लावणीच्या दिवसांत वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या मुलासाठी मजुरी बुडवून शहर गाठा, असे आईबापाला पटवणे सोपे नाही. मग यंत्रच गावी का नेऊ नये? येथे गर्भलिंग निदानविरोधी कायदा समोर येतो. गर्भ पाहू शकणारे इको यंत्रही नोंदणीच्या कक्षेत येते, आणि २०१२ च्या नियमांनी पोर्टेबल यंत्रांच्या ने-आणीवर मर्यादा घातल्या. मुलींचे घटते प्रमाण पाहता ही कठोरता अनाठायी म्हणता येत नाही. शिवाय नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकाला, इतर आरोग्यसेवांसोबत, नियमांतच वाट ठेवलेली आहे.

त्यामुळे खरी अडचण यंत्रापेक्षा ते हाताळणाऱ्या हातांची आहे. बालकाचे हृदय लहान, ठोके जलद, त्यात मूल रडत असते; मोठ्यांचे इको करण्यात निष्णात असलेल्या डॉक्टरलाही त्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. असा तज्ज्ञ ठरलेल्या तारखेला ग्रामीण रुग्णालयात येणार असेल, तर संशयित मुलांची यादी पथकाकडे तयारच असते.