कर्करोग एक, शुश्रूषेच्या गरजा अनेक

कर्करोगाचे निदान झाले की कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो, 'बरा होईल ना?' या प्रश्नाचे उत्तर जसे असेल, तशी रुग्णाची पुढची गरज बदलते. आपली उपचारव्यवस्था मात्र रुग्णालयातील शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांभोवतीच फिरते. घरी परतलेल्या रुग्णाचे काय, याचा विचार तिच्यात अभावानेच आढळतो.

मुंबईत ही उणीव आरे कॉलनीसारख्या ठिकाणी अधिक जाणवते. १९४९ मध्ये वसवलेल्या या दुग्धवसाहतीत आदिवासी पाडे झाडीत विखुरलेले आहेत. परळचे टाटा स्मारक रुग्णालय याच महानगरात १९४१ पासून उभे आहे. २०२४ मध्ये आरेहून मेट्रो-३ सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती दादरमार्गे कफ परेडपर्यंत पोहोचली. तरीही आतल्या पाड्यावरून स्थानक गाठणे अशक्त रुग्णासाठी सोपे नाही.

ज्या रुग्णाच्या बरे होण्याची शक्यता मोठी आहे, त्याला उपचार अर्धवट न सोडण्यासाठी आधार हवा असतो. बुडणारा रोजगार, प्रवासखर्च आणि नंतरची नियमित तपासणी हे त्याचे प्रश्न. रोग पूर्ण बरा होणार नाही, पण औषधांनी वर्षानुवर्षे आटोक्यात राहील, अशा रुग्णाला अखंड औषधपुरवठा आणि कामावर परतण्याची सोय लागते. ज्याच्या हाती थोडेच महिने आहेत, त्याची गरज आणखी निराळी. वेदनाशमन, जखमेची निगा, खरी माहिती आणि घरच्यांना विसावा, हेच त्याच्यासाठी उपचार.

मात्र वेदनाशमन म्हणजे उपचार थांबवणे, हा समज चुकीचा आहे. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच परिहारक सेवा मिळालेल्या रुग्णांचे जगणे अधिक सुसह्य झाले. त्यांचे मध्यम आयुर्मानही ११.६ महिने भरले, इतरांचे ८.९ महिने होते.

मुंबईला हा विचार नवा नाही. देशातील पहिले हॉस्पिस, 'शांती आवेदना सदन', १९८६ मध्ये वांद्र्यातच सुरू झाले. मॉर्फिनच्या वैद्यकीय वापरातील परवान्यांचा जाच कमी करण्यासाठी २०१४ मध्ये केंद्राने कायदाही बदलला. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगात गरजूंपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच अशी सेवा मिळते.

म्हणूनच नव्या खाटांइतकीच गरज आहे ती घरापर्यंत जाणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेची आणि जवळच्या दवाखान्यात वेदनाशामक मिळण्याची. बरे होऊ शकणाऱ्यास अर्ध्या वाटेवर गमावणे आणि बरे न होणाऱ्यास वेदनेत सोडून देणे, ही दोन्ही अपयशे एकाच व्यवस्थेची आहेत. आयुष्य किती उरले हे वैद्यकाच्या हाती नसेलही. ते कसे जावे, हे बऱ्याच अंशी समाजाच्या हाती आहे.