नावाचे पैसे



आमचा रे रोडचा लोखंडाचा गाळा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलाय. त्याच्या वरच्या खोलीत गेल्या वर्षापासून आम्ही तिघी जावा मेतकूट, भाजणी आणि बिनलसणाची चटणी भरतो. इतके दिवस पाकिटावर नुसती चिठ्ठी असायची. आता दुकानदार विचारतात, "नाव काय?"

सासऱ्यांचं उत्तर तयार होतं: तीर्थंकरांचं नाव ठेवा, भरभराट होईल. भाचा म्हणाला, मामी, नावं काढून देणाऱ्या कंपन्या असतात, भेटा तरी. म्हणून आम्ही लोअर परळला एका ऑफिसात जाऊन आलो. त्यांनी पैसे सांगितले तेव्हा धाकटी जाऊ माझ्या कानात पुटपुटली, "एवढ्यात नवी चक्की आली असती."

पण ते काम कसं करतात, हे ऐकण्यासारखं होतं. आधी माल कोण घेणार, कुठे विकणार, ते विचारतात. मग शेकडो शब्द जमवतात. संस्कृतातले, बोलीतले, तोडून जोडलेले. ते मोठ्याने उच्चारून बघतात. मग चाळणी लागते. कुणी आधीच नोंदवलंय का, दुसऱ्या भाषेत भलता अर्थ निघतो का, वेबसाइटला ते मिळेल का. शेकड्यांतून तीनचार उरतात. १९९३ साली बाजारात आलेल्या इंटेलच्या 'पेंटियम'चं नाव लेक्सिकन नावाच्या अमेरिकेतल्या अशाच कंपनीने काढलं होतं. नुसत्या आकड्यावर कंपनीला मालकी मिळेना, म्हणून पाच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नवं नाव घडवलं. ही चाळणी मला पटली. तिचे पैसे द्यावेत.

पटलं नाही ते पुढचं. नमुना म्हणून दाखवलेल्या नावांपैकी एकाचा अर्थ त्यांच्यापैकी कुणालाच सांगता येईना. "अर्थ नंतर भरता येतो," म्हणे. आपल्याकडे तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य, भाव असे चार निक्षेप सांगितलेत. गुण असो नसो, मुलाला इंद्र म्हटलं की तो झाला नामनिक्षेप. म्हणजे यांचं म्हणणं आपल्याला नवं नाही. पण नावात अर्थ भरणार कोण? पहाटे डाळी भाजणारी माझी मोठी जाऊ. मग निवडही तिनेच करावी ना.

सासऱ्यांशीही माझा वाद झालाच. गाळ्याच्या पाटीवर तीर्थंकरांचं नाव वेगळं, ती उंचावर असते, रोज पुसली जाते. पाकिटाचं काय होतं? चटणी संपली की ते कचऱ्यात, नाहीतर स्टेशनच्या पुलावर पायाखाली. मला हा अविनय सोसवणार नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातही धार्मिक भावना दुखावणाऱ्या नावाला नोंदणी नाही. आणि अगरबत्तीसाठी 'रामायण' नावाची मक्तेदारी कुणा एकाला मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलंय. हे ऐकल्यावर मामंजी गप्प झाले. पटलं म्हणून की कंटाळून, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

मला राहून राहून गिरगाव आठवतं. १५ मार्च १९५९ ला तिथल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं भरली. नाव पुढे १९६२ मध्ये ठेवलं. संस्थेतच स्पर्धा लावली, बक्षीस पाच रुपये. धीरजबेन रूपारेल यांनी सुचवलेला साधा गुजराती शब्द निवडला, 'लिज्जत', म्हणजे चव. आज आपण दुकानात पापड मागत नाही, लिज्जत मागतो.

एक गंमत सांगते. त्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, पाकिटावर पत्त्यात 'दारूखाना' नको, लोक बिचकतील. मी म्हटलं, बाई गं, ही दारू तोफेची आहे! पत्ता छापणं तर कायद्याने भाग आहे. आणि 'रे' तरी कोण? १८८५ ते १८९० मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड रे. स्टेशनवर उतरणाऱ्या कुणाला तो आठवतो? रे रोड म्हटलं की लोखंड आणि बोटींचं भंगारच डोळ्यांसमोर येतं.

तर आमचं ठरलंय असं: नाव आम्ही काढायचं, तपासणी वकिलाकडून करून घ्यायची. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, तेवढी आम्हाला झेपते. रविवारी दुपारी पॅकिंगच्या सगळ्याजणी चिठ्ठ्या टाकणार आहेत. बक्षीस मी पाच रुपयेच ठेवणार होते. धाकटी म्हणाली, "वहिनी, आता पाचात चहासुद्धा येत नाही." पाचशे ठेवलेत.