मुलांचीं औषधें आणि आपलें मौन

मुलास हिंवताप आला तर आपण शेजाऱ्यांस सांगतों, शाळेंत चिठ्ठी पाठवितों, आजीला पथ्य विचारतों. त्याच मुलास मनाच्या विकारासाठीं औषध सुरू झालें कीं मात्र गोळ्या कपाटाच्या वरच्या खणांत जातात आणि घरांतील बोलणें दबक्या आवाजांत होऊं लागतें. नाशिकच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत हा प्रकार मीं वारंवार पाहिला आहे. व तो सभ्यपणा म्हणून खपतो. माझें म्हणणें असें कीं, हा सभ्यपणा नसून निष्काळजीपणा आहे. या औषधांचे दुष्परिणाम आवरावयाचे तर ते आधीं कोणाच्या तरी दृष्टीस पडले पाहिजेत. आणि मौन नेमकी तीच दृष्टि झांकतें.

हीं औषधें निरुपद्रवी आहेत असें कोणीहि जाणता मनुष्य म्हणणार नाहीं. अतिचंचल मुलांस मेथिलफेनिडेट देतात. त्यानें भूक मंदावते, झोप लांबते, आणि दीर्घकाळ घेतल्यास उंची व वजन यांची वाढ थोडी रेंगाळूं शकते. स्वमग्न मुलांच्या तीव्र चिडचिडीवर रिस्पेरिडोन देतात; अमेरिकेंत ५ ते १६ वर्षांच्या मुलांसाठीं त्यास २००६ सालीं मान्यता मिळाली. त्याची तऱ्हा उलटी. भूक वाढते, वजन चढतें, मूल पेंगतें, क्वचित् मान वांकडी होऊन ताठते. वय लहान तसा हा त्रास अधिक. तीन ते साडेपांच वर्षांच्या मुलांस मेथिलफेनिडेट देऊन अमेरिकेंत केलेल्या व २००६ सालींच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत शेंकडा सुमारें ११ मुलांचें औषध दुष्परिणामांमुळें बंद करावें लागलें. म्हणूनच चार-पांच वर्षांच्या चंचल मुलाच्या बाबतींत प्रथम आईबापांस त्याला हाताळण्याचें शिक्षण द्यावें आणि तें अपुरें पडल्यावरच औषधाकडे वळावें, असें तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचें मार्गदर्शन आहे.

हें वाचून कोणी म्हणेल, "मग हें विष मुलास द्यावेंच कां?" हा पक्ष आपल्याकडे फार बोलका आहे, आणि त्याच्या भरीस पडून औषध एके दिवशीं एकदम बंद करणारीं घरेंहि थोडीं नाहींत. क्लोनिडीनसारखें औषध असें तोडल्यास रक्तदाब एकाएकीं चढूं शकतो, हें या मंडळींस ठाऊक नसतें. आणि बहुतेक त्रास आवरण्याजोगे असतात. भूक मरत असेल तर गोळीपूर्वीं पोटभर न्याहारी द्यावी व औषधाचा जोर ओसरल्यावर रात्रीं पुन्हा जेवूं घालावें. झोप येत नसेल किंवा मूल दिवसा पेंगत असेल तर मात्रा व वेळ बदलतां येते. ती डॉक्टरांनीं बदलावी, मामांनीं नव्हे. उंची, वजन, रक्तदाब आणि जरूर तेथें रक्तांतील साखर यांची ठराविक काळानें नोंद व्हावी. मान किंवा डोळे ताठले तर मात्र त्याच घटकेस दवाखाना गांठावा. त्यावर उतारा आहे.

आतां विचारतों, हें सारें पाहणार कोण? डबा तसाच परत आला हें शाळेला कळतें, पण कारण ठाऊक नसल्यामुळें बाई मुलास हट्टी ठरवितात. मूल वर्गांत पेंगतें, तर तें आळशी ठरतें. घरीं आजींस वाटतें कीं सून नातवास उपाशी ठेवते. आणि डॉक्टरांपुढें आपण "सगळें ठीक आहे" म्हणून मोकळे होतों. एकाच मुलाच्या एकाच त्रासाचे हे चार अर्थ होतात, आणि चारहि चुकीचे!

"लोक काय म्हणतील? मुलगी असली तर पुढें लग्नाचें काय?" ही भीति खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु रविवार कारंजावर दवंडी पिटा असें कोणी सांगत नाहीं. वर्गशिक्षक, घरांतील वडील माणूस आणि डॉक्टर, एवढ्या तिघांस खरें सांगा. ज्या लौकिकासाठीं आपण गप्प राहतों, त्याची किंमत सात वर्षांच्या मुलानें कां द्यावी?

मौन एकट्या आईबापांचेंच आहे असेंहि नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालीं झाला व २९ मे २०१८ पासून अमलांत आला. रुग्णास व त्याच्या प्रतिनिधीस, अर्थात् अल्पवयी मुलाच्या पालकांस, योजलेल्या उपचाराचे ज्ञात दुष्परिणाम समजावून घेण्याचा हक्क त्याच्या २२ व्या कलमानें दिला आहे; तोहि त्यांस समजेल अशा भाषेंत. १९९८ सालीं स्थापन झालेलें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरांत आहे, तेथें तरी "कांहीं होणार नाहीं" या तीन शब्दांवर पालकांची बोळवण होऊं नये. दुष्परिणाम मराठींत लिहून मागणें हा डॉक्टरांचा अपमान नव्हे. सुरगाण्याहून येणाऱ्या बापास तें मागण्याचें धैर्य नसेल. ज्यांस तें आहे त्यांनीं आधीं मागावें, म्हणजे वहिवाट पडेल.

एक साधी वही घ्यावी; तींत झोप, जेवण, वजन आणि शाळेचा शेरा रोज दोन ओळींत लिहावा, आणि ती वही डॉक्टरांपुढें उघडी ठेवावी. दूधवाल्याचा हिशेब आपण चोख ठेवतोंच. मुलाच्या प्रकृतीचा ठेवण्यास लाज कसली?