माळ्यावरचं विंडोज ९८

तुमच्या ऑफिसात असा एक तरी प्राणी असेलच. लॅपटॉप सोळा जीबी रॅमचा, प्रोसेसर एकदम लेटेस्ट, आणि लंच ब्रेकमध्ये हा पठ्ठ्या त्यावर चालवतोय काय? तर विंडोज ९८! तो करडा टास्कबार, तो कोपऱ्यातला स्टार्ट, तो हिरवट-निळा डेस्कटॉप. दोन मिनिटांत खुर्चीमागे गर्दी. ‘अरे, सॉलिटेअर जिंक ना, पत्ते कसे उड्या मारतात बघू!’ ‘पेंट उघड, पेंट!’ टीम लीड ओरडायला म्हणून येतो आणि माइनस्वीपर खेळून जातो.

याला नॉस्टॅल्जिया म्हणा, नाहीतर रिकामटेकडेपणा म्हणा. पण मंडळी, या टाइमपासचा एक उपयोग असा आहे, की तो ऐकल्यावर तुम्ही आजच घरी फोन लावाल. आधी टाइमपास, मग उपयोग.

वाड्यातला भाडेकरू

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हे कसबा पेठेतल्या माणसाला समजावणं सगळ्यात सोपं. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाडा एक, मालक एक, पण आत बिऱ्हाडं दहा. ज्याची त्याची चूल वेगळी, ज्याचं त्याचं कुलूप वेगळं. तुमचा लॅपटॉप हा वाडा आणि व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर हा मालक. तो विंडोज ९८ नावाच्या भाडेकरूला सांगतो, ‘ही घे तुझी २५६ एमबी रॅम, ही तुझी दोन जीबीची हार्ड डिस्क.’ ती हार्ड डिस्क म्हणजे खरं तर तुमच्या लॅपटॉपवरची एक फाइल. पण गंमत अशी, की आपण भाडेकरू आहोत हे त्या बिचाऱ्याला माहीतच नसतं. त्याला वाटतं, अख्खा वाडा आपलाच! त्याने आत कितीही गोंधळ घातला तरी ती एक फाइल उडवायची, विषय संपला.

कल्पना आपल्या वयापेक्षा जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच व्हीएम-३७० आणून एका अवाढव्य मशीनवर अनेकांना ‘हे मशीन माझ्या एकट्याचं’ असा भास करून दिला होता. साध्या पीसीवर ही जादू व्हीएमवेअरने १९९९ मध्ये दाखवली. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळायला लागलं आणि हा खेळ घरोघरी आला.

टर्बो बटण आठवतंय?

या खेळातली खरी मजा म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला नवं मशीन झेपत नाही! डॉसच्या जमान्यातले काही गेम प्रोसेसरच्या वेगावर पळायचे. प्रोसेसर फास्ट झाला, की गेममधला हिरो दिसायच्या आत खड्ड्यात. पूर्वीच्या डब्यांवर एक ‘टर्बो’ बटण असायचं ना, ते कित्येकदा याच कामाला यायचं: मशीनचा वेग कमी करायला. आज तेच काम डॉसबॉक्स करतं. २००२ मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर तुमच्या सुसाट लॅपटॉपला मुद्दाम लंगडायला लावतं. मग डेंजरस डेव्ह पुन्हा माणसात येतो आणि प्रिन्स ऑफ पर्शिया पुन्हा सुळ्यांवर पडतो.

आणखी एक किस्सा ऑफिसात सांगण्यासारखा. विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू ठेवलं, की ते अडकायचं. आतला मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर तेवढ्या दिवसांत भरायचा. हे लक्षात यायला १९९९ साल उजाडलं. लोक गमतीने म्हणतात, सापडणार कसं? तोवर सलग ४९ दिवस ते कोणाकडे चाललं होतं? विंडोज ९५ची ती सुरू होतानाची सहा सेकंदांची ट्यून ब्रायन ईनो यांची, आणि ती त्यांनी म्हणे चक्क मॅकवर बनवली. एक्सपीची हिरवी टेकडीसुद्धा कॉम्प्युटरवर काढलेली नाही बरं का. चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला तो फोटो आहे.

असो. इथपर्यंत सगळं मजेत. आता कामाचं.

बिस्किटाच्या डब्यातल्या फ्लॉप्या

माझा एक मित्र कसब्यातला. वाडा रीडेव्हलपमेंटला जायचा होता म्हणून घरच्यांनी माळा रिकामा करायला काढला. तांबट आळीतलं जुनं घंगाळ निघालं, तीन रॉकेलच्या बत्त्या निघाल्या, आणि एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात निघाल्या नऊ फ्लॉप्या आणि एक सीडी. लेबलांवर आजोबांचं टपोरं अक्षर. ‘आठवणी, भाग १’ ते ‘आठवणी, भाग ९’.

आजोबा जाऊन बारा वर्षं झाली होती. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेने कॉम्प्युटर घेतला होता. टाइपरायटरची सवय होतीच. दुपारी सगळे झोपले की ते टकटक करत बसायचे. ते काय लिहितात, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांना वाटायचं, आजोबांचा टाइमपास चाललाय.

मित्राने यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला. नऊपैकी आठ फ्लॉप्या वाचल्या गेल्या. फाइल उघडली, आणि स्क्रीनवर आली नुसती खिचडी. इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, मधेच कंस, मधेच उद्गारचिन्ह. पानंच्या पानं. सीडी मराठी सॉफ्टवेअरची होती, ती घातली तर लॅपटॉपने सरळ हात वर केले. कारण साधं आहे. त्या काळातली बरीच सॉफ्टवेअर, निदान त्यांचे इन्स्टॉलर, १६ बिटांचे असायचे आणि ६४ बिटांचं विंडोज ते चालवतच नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच मिळतं.

मग लंच ब्रेकमधला तो खेळ कामाला आला. घरात जुन्या पीसीची विंडोज ९८ची सीडी होतीच. व्हर्च्युअल मशीनमध्ये ९८ चढवलं, त्यात मराठी सॉफ्टवेअर चढवलं, फाइल उघडली. आणि खिचडीच्या जागी उभं राहिलं स्वच्छ मराठी.

पहिलंच प्रकरण १२ जुलै १९६१चं. पानशेत फुटलं त्या दिवसाचं. पाणी वाड्याच्या जिन्याला कितव्या पायरीपर्यंत आलं, आजीने कुठली पेटी उचलली आणि कुठली राहिली, रात्र कोणाच्या गच्चीवर काढली, सगळं नावानिशी. मित्राच्या बाबांनी ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यातलं अर्धं त्यांनाही माहीत नव्हतं.

भाग ७ मात्र गेला. ती फ्लॉपी कोणत्याच ड्राइव्हने वाचली नाही. त्यात काय होतं, हे सांगणारं आता घरात कोणी नाही.

इंग्रजी घरात मराठी बिऱ्हाड

ही खिचडी होते कशी? कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर, याची एक यादी असते. तेव्हाच्या यादीत इंग्रजीची घरं होती, देवनागरीची नव्हती. मग आपल्या लोकांनी जुगाड केला. घर इंग्रजी अक्षराचं, पण आत चित्र ‘क’चं. तो फॉन्ट मशीनवर असेल तर ‘क’ दिसणार, नसेल तर मूळ इंग्रजी अक्षर. त्यातून प्रत्येक कंपनीने आपली बिऱ्हाडं आपल्या मर्जीने बसवली. एकीच्या घरात ‘क’, तर दुसरीच्या त्याच घरात ‘ळ’!

नावं ठेवायची नाहीत हं. त्या जुगाडामुळेच कॉम्प्युटर मराठी लिहायला लागला, आणि त्यात पुणं आघाडीवर होतं. सी-डॅक १९८८ मध्ये इथेच सुरू झालं. आयआयटी कानपूरमध्ये उगवलेलं ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचं तंत्रज्ञान तिथे वाढलं. ‘श्री-लिपी’ बनवणारी मॉड्युलर इन्फोटेकसुद्धा पुण्याचीच. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची सरकारी प्रमाण यादी १९९१ मध्ये आली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही देवनागरी होती. पण विंडोजवर ती नीट दिसायला विंडोज २००० यावं लागलं, आणि एक्सपीतसुद्धा कंट्रोल पॅनलमध्ये शिरून ती चालू करावी लागायची. दरम्यान लग्नपत्रिका, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, कुलवृत्तांत सगळं या फॉन्टांत टाइप होत राहिलं. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३चा, म्हणजे त्याची शताब्दी आणि डीटीपीची धूम दोन्ही एकाच दशकातली. कुठल्याशा मंडळाची स्मरणिका अशाच एखाद्या डब्यात पडून असेल.

आता जरा आजूबाजूला बघा. कसब्यातच कागदीपुरा आहे. नावातच धंदा: तिथे एके काळी हाताने कागद बनायचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. दोनशे वर्षांनीही ते कागद आहेत, आणि मोडी शिकून ते वाचणारी माणसंही आहेत. आपल्या आजोबांची फ्लॉपी पंचवीस वर्षांत बोलायची बंद होते. १९९० ते २००५ मधलं कॉम्प्युटरवरचं मराठी म्हणजे नवी मोडी आहे बॉस. फरक एवढाच, की इथे जाणकार माणूस मिळून भागत नाही, जुनं मशीनही लागतं. आणि ते मशीन आता तुमच्या लॅपटॉपमध्ये फुकट उभं राहू शकतं.

करायचं कसं?

१. आधी कॉपी, मग कौतुक. फ्लॉपी किंवा सीडी वाचली गेली, की तत्क्षणी सगळं लॅपटॉपवर उतरवा. दुसरा चान्स मिळेलच असं नाही. ‘फॉरमॅट करू का?’ असं विंडोजने विचारलं, तर उत्तर ‘नाही’च!

२. आधी सोपा उपाय करून बघा. साधी वर्डची फाइल असेल आणि डब्यात फॉन्टही असेल, तर तो आजच्या विंडोजवर टाकून बघा. कधी कधी तेवढ्यावरच भागतं. पेजमेकरची किंवा मराठी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमधली फाइल असेल, तर व्हर्च्युअल मशीनला पर्याय नाही.

३. ९८ की एक्सपी? पेजमेकर ६.५ किंवा ७ असेल तर एक्सपी बरं. त्याहून जुनं काही असेल तर ९८. पण ९८ला ५१२ एमबीच्या वर रॅम देऊ नका, जास्त खाऊन त्याचं पोट बिघडतं.

४. फाइल आत कशी न्यायची? ९८ला तुमचा पेन ड्राइव्ह सहजी कळणार नाही. फाइल्सची एक सीडी इमेज बनवा आणि व्हर्च्युअल मशीनच्या सीडी ड्राइव्हला लावा. त्याला वाटेल, कोणी खरीच सीडी घातली.

५. नेट बंद. ९८चा सपोर्ट २००६ मध्ये संपला, एक्सपीचा २०१४ मध्ये. आजच्या इंटरनेटवर त्यांना सोडणं म्हणजे लक्ष्मी रोडवर दार सताड उघडं टाकून गावाला जाणं. आणि हे उद्योग घरच्या लॅपटॉपवर करा, ऑफिसच्या नको.

६. जुनं म्हणजे फुकट नव्हे. विंडोज असो की मराठी सॉफ्टवेअर, घरात असलेली मूळ सीडीच वापरा. काही सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टला लावायचं हार्डवेअर लॉक लागायचं. तसं असेल तर व्हर्च्युअल मशीनही हात टेकेल. मग एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याला गाठा. काहींनी जुनी मशीन अजून जपून ठेवलेली असतात.

७. फाइल दिसली की काम संपलं नाही. पानं दिसतात तशी पीडीएफ करा, नाहीच जमलं तर सरळ स्क्रीनशॉट काढा. मग फॉन्ट कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. आणि नंतर नजर घालून वाचा, विशेषतः पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं. कन्व्हर्टर इथेच हमखास घसरतो. मूळ फाइल मात्र कधीही डिलीट करू नका.

हे सगळं एका वीकेंडचं काम आहे. त्याच्या आधीचं काम मात्र पाच मिनिटांचं, आणि तेच महत्त्वाचं. आज घरी फोन करा. विचारा, ‘आपला पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा मराठी कशात टाइप करायचात? त्याची सीडी कुठे आहे?’ सॉफ्टवेअरचं नाव आठवणारं माणूस घरात आहे तोवर हे कुलूप उघडतं. सॉलिटेअर काय, कधीही खेळता येईल!