आपला काय संबंध?

परवा शनिवारी आमच्याकडे नेहमीची मंडळी जमली होती. पोहे झाले, चहा झाला आणि विषय निघाला. इथे सिडनीत कुठल्याही कार्यक्रमाच्या सुरुवातीला या भूमीच्या मूळ रहिवाशांना वंदन करतात, त्याचा आमच्या एका मित्राला कंटाळा आलाय. "दोनशे वर्षांपूर्वी गोऱ्यांनी केलं. आपण काल आलो, आपला काय संबंध?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

मग रात्री झोप येईना. मायल क्रीक आठवत राहिलं.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिथे गेलो होतो, बिंगारा गावाजवळ. १० जून १८३८ रोजी घोड्यांवरून आलेल्या टोळीने विररायराय लोकांपैकी निदान २८ जणांना दोराने बांधून नेलं आणि मारलं. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. पहिल्या खटल्यात ज्यूरीने आरोपींना सोडलं, दुसऱ्यात सात जणांना फाशी झाली. टोळीतला जमीनदार घराण्यातला जॉन फ्लेमिंग मात्र निसटला, त्याच्यावर कधी खटलाच चालला नाही. गडी फासावर, मालक मोकळा! (हे काही फक्त तिथलंच नाही म्हणा.)

२००० साली तिथे स्मारक झालं, तेव्हा मारणाऱ्यांचे आणि वाचलेल्यांचे वंशज एकत्र उभे राहिले. त्या वंशजांनी तरी कुणाला कुठे मारलं होतं? "आपला काय संबंध" त्यांनाही म्हणता आलं असतं की.

मला वाटतं, पाप वारशाने येत नाही, पण जमीन येते. आमच्या घराचे कागद अगदी चोख आहेत. पण मालकांची साखळी धरून मागे मागे गेलं, की एक टप्पा असा येतो जिथे कुणी कुणाला काही विकलेलंच नाही. ही भूमी कुणाचीच नव्हती, हा दावा इथल्या हायकोर्टाने १९९२ साली माबो खटल्यात फेटाळला. आम्ही घर घेतलं ते त्यानंतर.

आता जे सांगायला बसलो ते. १४ ऑक्टोबर २०२३ ला इथे सार्वमत झालं. मूळ रहिवाशांची संसदेपुढे बाजू मांडणारं मंडळ राज्यघटनेत आणावं का, असा प्रश्न होता. साधारण साठ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. घरात सगळे समजतात की मी 'हो' लिहिलं. मी 'नाही' लिहिलं होतं. कारण? तेच, शनिवारचं वाक्य.

बायको हा ब्लॉग वाचते. आई, तूही वाचतेस.